बाइकवरचे बाजारबुणगे : लाँग राइडसाठी कॅम्पिंगचं सामान कसं भरायचं?

ज्यांचा डेटा संपलाय, ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीयेत किंवा ज्यांना यादी समोर ठेवून बॅग भरायचीय, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लिखित अवतार. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे कसं ना" तेवढं कापलंय.

तर बेत असा. डिसेंबरात मी आणि माझा एक मित्र सोलापूरहून रत्नागिरीला बाइकवर चाललोय. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग मलकापूरवरून आंबा घाट उतरून साखरपा आणि पुढे समुद्र. एका बाजूचं अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. पाच दिवस, सोबत तंबू. बेत ठरल्या ठरल्या मित्र म्हणाला, "दोन गाड्या कशाला बे? तुझ्या एकशेपंचवीसवर दोघं बसू, सामान मागं बांधू. पेट्रोल निम्म्यात."

पैशाचा मुद्दा आहे, त्यामुळे हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण उत्तर आकड्यांनी द्यायचं.

आधी बेरीज करा

प्रत्येक बाइकच्या मॅन्युअलमध्ये ती जास्तीत जास्त किती भार वाहू शकते ते दिलेलं असतं. काही कंपन्या फक्त भारासकट एकूण वजन देतात. मग त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करायचं. या आकड्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान, तिघंही आले. अंगावरचं जॅकेट, बूट, हेल्मेटसुद्धा.

समजा हा आकडा १५० किलो आहे. चालवणारा ७०, मागचा ६५, झाले १३५. उरले १५. आता दोघांचं सामान मांडू : तंबू ३ किलो, अंथरूण-पांघरूण ५, स्टोव्ह-गॅस-भांडी २, पाणी ५ लिटर म्हणजे ५ किलो, हत्यारं-पंक्चर किट-पंप ३, दोघांचे कपडे ८. बेरीज २६. म्हणजे ११ किलो जास्त. आणि हे खाण्याचं सामान न धरता.

सपाट रस्त्यावर ११ किलो जाणवणारही नाहीत. पण आंबा घाट उतरताना ब्रेकला हे सगळं वजन थांबवायचं असतं. वजन जास्त तितकी ब्रेकमध्ये उष्णता जास्त, आणि ब्रेक तापले की पकड ढिली पडते. पेट्रोल वाचवायला ब्रेक पणाला लावायचे का? आमचं उत्तर : दोन गाड्या. सामान निम्मं-निम्मं.

आता प्रत्येक गाडीवर एकच माणूस, म्हणजे ८० किलोची जागा मोकळी. इथेच खरी गडबड सुरू होते, कारण जागा दिसली की आपण ती भरतो.

बुणगे कोण, लढणारे कोण?

मंगळवेढ्याच्या रस्त्यावर भीमेच्या काठी बेगमपूर लागतं, आणि नदी ओलांडली की माचणूर. इथेच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं पडलेली होती. तंबू, बाजार, जनानखाना, जनावरं, असं चालतं-फिरतं शहरच. याउलट मराठ्यांचं घोडदळ त्या काळात हलक्या सामानावर फिरायचं, म्हणून हाती लागायचं नाही. १६९९ मध्ये बादशाह स्वतः किल्ले घ्यायला निघाला, तेव्हा त्यानेही कुटुंबकबिला आणि जड सामान इथेच मागे ठेवलं.

सैन्यासोबत जाणाऱ्या पण न लढणाऱ्या या लवाजम्याला आपण बुणगे म्हणतो. "बाजारबुणगे" हा शब्द पानिपतच्या गोष्टींत ऐकलाच असेल. बॅग भरताना मी हीच चाळणी लावतो. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं : ही रोज लढणार आहे की नुसती सोबत येणार आहे?

काही उदाहरणं. थंडीसाठीची जाड स्लीपिंग बॅग हिमालयात लढेल, पण डिसेंबरातल्या कोकण किनाऱ्यावर ती बुणगा आहे. तिथे आपली जीआय मानांकनवाली सोलापुरी चादर पुरते. एकच अट : ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यायची. जाड सुती कापड ओलं झालं की पाणी धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. अंगाखालची चटई मात्र सोडू नका, जमिनीचा गारवा खालून येतो.

खाण्याचं म्हणाल तर आपण नशीबवान. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे दोन्ही पाणी न घालता टिकणारं, शिजवायला न लागणारं अन्न आहे. त्यामुळे कुकर, कणीक, तेलाची बाटली सगळं घरी. स्टोव्ह फक्त चहा आणि मॅगीपुरता. भाकरी डब्यात उभ्या भरा, मध्ये कागद घाला, नाहीतर रत्नागिरीपर्यंत कुस्करा होईल.

पंक्चर किट, पंप, स्पार्क प्लग, क्लच केबल, प्रथमोपचाराची पेटी. हे रोज लढणार नाहीत, पण लढाई आली तर हेच लागतील. त्यांना चाळणीतून सूट.

वजन ठेवायचं कुठे?

घागर कमरेवर घेतली तर पेलते. तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा जातो. बाइकचंही तसंच. वजन जितकं खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, तितकं पेलतं. मागच्या चाकाच्याही मागे लटकवलं की ते तरफेसारखं काम करतं : मागचं टोक दबतं, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल वेगात थरथरायला लागतं.

म्हणून :

- पाणी, हत्यारं, तंबूच्या काठ्या-खुंट्या हे जड सामान बाजूच्या बॅगांत, तळाला आणि पुढच्या अंगाला. डावी-उजवी बाजू वजनकाट्यावर सारखी करा.
- टाकीवरच्या बॅगेत लहान वस्तू : कागदपत्रं, पॉवर बँक, औषधं. हँडल पूर्ण वळवून बघा, बॅगेला अडता कामा नये.
- मागच्या सीटवर मोठं पण हलकं : चादर, चटई, तंबूचं कापड.
- पाठीवरच्या सॅकमध्ये टणक काही नको. पडलात तर ते थेट मणक्यात घुसतं.

आम्ही प्रोग्रामिंगवाले ज्याला स्टॅक म्हणतो, तो इथे उपयोगी पडतो : शेवटी ठेवलेलं आधी निघतं. मुक्कामाला अंधारात पोचलात तर आधी टॉर्च, मग तंबू, मग अंथरूण लागणार. भरताना बरोबर उलटा क्रम ठेवा.

बांधणं

हुकवाला लवचिक दोर स्वस्त पडतो, पण खड्ड्यात ताणतो आणि सुटला तर हुक डोळ्याकडे झेपावतो. मुख्य बांधणी बकलवाल्या न ताणणाऱ्या पट्ट्यांनी करा. पंक्चरवाल्याकडची जुन्या ट्यूबची पट्टी वरून जादा आधाराला चांगली. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून खोचा. लोंबतं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जाम होऊ शकतं. सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्याला टेकत नाही ना, आणि टेल लाइट, इंडिकेटर, नंबर प्लेट झाकली जात नाही ना, हे मागे उभं राहून बघा.

सामान बांधून झाल्यावर, आधी नाही, तीन गोष्टी तपासा. टायरमधली हवा, मॅन्युअलमधल्या जादा भाराच्या आकड्यानुसार. चेनचा ढिलेपणा. हेडलाइटचा झोत, कारण मागून गाडी दबली की झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो.

पट्ट्या पहिल्या तासात बसतात आणि ढिल्या होतात. आमचा पहिला थांबा माचणूरला, चाळीसेक किलोमीटरवर. सिद्धेश्वराचं दर्शन, चहा आणि सगळ्या पट्ट्या परत ओढून घट्ट.

मुक्कामाची जमीन

आपल्या काळ्या मातीत तंबूची खुंटी सहज जाते. कोकणात तसं नाही. जांभ्यावर खुंटी वाकते, वाळूत उपटून येते. वाळूसाठी चार रिकाम्या कापडी पिशव्या न्या. वाळूने भरा, दोरी बांधा, हातभर खोल पुरा. बाइकच्या साइड स्टँडखाली लाकडाचा चपटा तुकडा, नाहीतर रात्रीत गाडी आडवी.

तंबू भरतीच्या रेषेच्या बराच वर आणि जागेच्या मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारूनच. जंगल हद्दीत परवानगीशिवाय नाही. आणि कितीही वारा असो, स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही. कापड पेट घेतं हे दिसतं तरी, कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही, त्याला वासही नसतो.

एक शेवटचं काम. निघायच्या आठवडाभर आधी सगळं सामान बांधून गाडी पन्नास किलोमीटर फिरवून आणा. जोरात ब्रेक दाबून बघा, वळणं घेऊन बघा. घरी आल्यावर अजून दोन बुणगे नक्की सापडतील. माझ्या यादीतून आत्ताच फोल्डिंग खुर्ची गेली. मित्राचा ब्लूटूथ स्पीकर अजून चर्चेत आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर हेल्मेटचा पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका.