रकान्याखालचा शेरा

नवघर नावाचे गाव एकच असेल अशा समजुतीने पत्ता लिहिणाऱ्या माणसाची आमच्या बाजूला हमखास फसगत होते. कारण भाईंदर पूर्वेस एक नवघर आहे, वसई रोड स्थानकालगत माणिकपुराच्या जोडीने उच्चारले जाणारे दुसरे आहे, उरण तालुक्यात तिसरे आहे, आणि मुलुंड पूर्वेला नवघर नावाचा रस्ताही आहे. नवघर पोलीस ठाणे मुलुंडातही आहे आणि भाईंदरातही. मी ज्याविषयी लिहीत आहे ते भाईंदरचे नवघर. १९८५ साली शेजारच्या ग्रामपंचायतींबरोबर मीरा-भाईंदर नगरपरिषदेत आणि पुढे २००२ साली महानगरपालिकेत समाविष्ट झालेले.

एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत आणि मनास येईल त्या वर्णविन्यासाने लिहिलेले पत्ते, आणि त्यांतून योग्य टपालकचेरी हुडकून काढण्याचे कारकुनाच्या माथी आलेले काम, या संकटावर टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो उपाय अमलात आणला, त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते, आणि त्याचबरोबर संस्कृत भाषेतील मान्यवर कवीही होते. शब्दाची नजाकत ज्याला जन्मभर प्रिय होती त्यानेच, पत्त्याच्या कामी केवळ शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे हे ओळखून अंकांचा आश्रय घ्यावा, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. त्या सहा अंकांपैकी पहिला विभागाचा, पहिले दोन उपविभागाचे, पहिले तीन मिळून वर्गीकरण जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. शून्याने आरंभ कधीच होत नाही. भाईंदर पूर्वेचा पिन कोड ४०११०५, वसई रोडचा ४०१२०२ आणि मुलुंड पूर्वेचा ४०००८१, असे झाल्यावर नवघरांचा आपसांतील घोटाळा टपालापुरता मिटला.

परंतु एक उणीव उरली. आधार क्रमांकाच्या बारा अंकांतला शेवटचा अंक हा, याकोबुस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या रीतीने, आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो; त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर चूक तत्क्षणी उघडकीस येते. पिन कोडात असा पहारेकरी अंक नाही. ४०११०५ च्या जागी ४०११०१ लिहिले तर तोही निर्दोष पिन कोडच ठरतो, आणि पत्र भाईंदर पश्चिमेच्या थैलीत पडते. म्हणजे नोंद स्वीकारणाऱ्याने एकामागून एक तीन प्रश्न विचारावे लागतात: मजकुराचा आकार योग्य आहे काय, तो ज्ञात यादीत सापडतो काय, आणि तो खरा आहे काय. यांतल्या तिसऱ्या प्रश्नाला आपण पडताळणी म्हणतो आणि तो कागदपत्रे पाहून माणसाने सोडवायचा असतो; पहिले दोन संगणकाच्या वाट्याचे आहेत, आणि त्यांनाच त्या व्यवसायातील लोक व्हॅलिडेशन म्हणतात.

भाईंदरच्या नवघर रस्त्यावर झेरॉक्सच्या ज्या दुकानांत ऑनलाइन अर्ज भरून मिळतात, त्यांतल्या एका दुकानात गेल्या पावसाळ्यात मी एका अर्जापायी जवळजवळ तासभर बसून होतो. सोळा रकाने भरून सबमिटचे बटन दाबताच सगळे रकाने कोरे झाले आणि पानाच्या माथ्यावर ‘इनव्हॅलिड इनपुट’ एवढेच दोन शब्द उमटले. कोणत्या रकान्यात, कशामुळे, आणि काय केले असता हरकत दूर होईल, यांपैकी कशाचाही खुलासा नव्हता. दुकानातल्या मुलाने कुरकुर न करता सर्व मजकूर पुन्हा टाइप केला, पुन्हा तेच झाले, आणि तिसऱ्या खेपेस त्याने सदनिकेच्या क्रमांकातील तिरपी रेघ काढून टाकली तेव्हा अर्ज दाखल झाला. बी आणि २०४ यांच्या मधली ती एक रेघ!

अशा वेळी संगणकाच्या पोटात काय घडते ते सामान्य वाचकाने समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्यात गूढ काहीच नाही. आजची संकेतस्थळे बहुधा एखाद्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे आयत्या चौकटीच्या, आधाराने उभारली जातात: डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४ साली जगापुढे ठेवलेली रूबी ऑन रेल्स, कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मून २००५ साली सर्वांस खुली झालेली जँगो, टेलर ऑटवेल यांची २०११ सालची लाराव्हेल. या चौकटींत दप्तरातील प्रत्येक प्रकारच्या नोंदीचे एक प्रतिरूप असते, त्याला मॉडेल म्हणतात. अर्जदार हे एक मॉडेल, पत्ता हे दुसरे. नाव रिकामे असू नये, पिन कोड सहा अंकी असावा, मोबाइल क्रमांक दुबार नोंदवलेला नसावा, हे नियम रेल्समध्ये आणि जँगोत मॉडेलवरच लिहून ठेवायचे असतात, आणि त्याचे कारण शुद्ध व्यवहाराचे आहे: नोंद ब्राउझरमधील अर्जातून येईल, मोबाइल ॲपमधून येईल, खिडकीवरच्या कारकुनाच्या हातून येईल किंवा एक्सेलच्या जुन्या फायलीतून एकदम दहा हजारांनी येईल, दारे कितीही असली तरी कोठी एक आहे, तेव्हा चौकी कोठीपाशी हवी. ब्राउझरमधली तपासणी ही केवळ अर्जदाराच्या सोयीसाठी. तिला बगल देणे कोणाही जाणत्या माणसाला सहज शक्य असते.

रेल्समध्ये नोंद जतन करण्याचा हुकूम होताच मॉडेल हे सर्व नियम ओळीने लावून पाहते आणि जिथे कसूर आढळेल तिथे आपल्या अंगच्या एका यादीत, त्या रकान्याच्या नावाखाली, शेरा लिहिते. यादी रिकामी राहिली तरच नोंद दप्तरात रुजू होते. तिथे ‘सेव्ह’ हा साधा हुकूम अशा वेळी गाजावाजा न करता केवळ नकारार्थी उत्तर देतो, आणि त्याच नावापुढे उद्गारचिन्ह लावलेला दुसरा हुकूम काम तिथेच थांबवून मोठ्याने हाकाटी करतो. ज्या प्रोग्रॅमरने पहिला हुकूम वापरला आणि त्याचे उत्तर वाचलेच नाही, त्याच्या हातून या सगळ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर अपराध घडतो, असे माझे मत आहे. कारण पडद्यावर ‘अर्ज स्वीकारला’ असे झळकते, माणूस निर्धास्त होऊन घरी जातो, आणि दप्तरात त्याच्या नावाची ओळसुद्धा नसते. जँगोची तऱ्हा वेगळी आहे. तिथे अर्जाच्या फॉर्ममार्फत आलेली नोंद तपासली जाते, परंतु मॉडेलवर थेट जतनाचा हुकूम सोडला तर संपूर्ण तपासणी आपोआप होत नाही, ती मुद्दाम सांगून करवून घ्यावी लागते. एक्सेलमधून माल भरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नेमका हाच विसर पडतो. दुबार नोंदीच्या बाबतीत तर मॉडेलचाही भरवसा पुरत नाही, कारण एकच मोबाइल क्रमांक दोन अर्जांतून एकाच क्षणी आला तर दोन्ही तपासण्यांना दप्तर मोकळेच दिसते. म्हणून डेटाबेसमध्येही अनन्यतेचा निर्बंध घालावा लागतो, आणि त्या निर्बंधाने दिलेल्या रोखठोक नकाराचे माणसाला कळेल अशा वाक्यात रूपांतर करावे लागते.

आता शेऱ्याच्या परतीचा प्रवास. यादीतील सर्व शेरे एकाच वेळी, ज्याच्या त्याच्या रकान्याखाली दिसावेत; एक चूक दुरुस्त केल्यावर दुसरी सांगण्याची पद्धत माणसाची शक्ती शोषून घेते. सांकेतिक शब्द वगळता त्याने लिहिलेला प्रत्येक मजकूर जागच्या जागी शाबूत असावा, आणि त्यासाठी त्याला दुसऱ्या पानावर रवाना न करता तेच पान, तीच नोंद हाती घेऊन, पुन्हा मांडावे लागते. दुसरे पान उघडले की शेऱ्यांची यादी आणि भरलेला मजकूर दोन्ही हरवतात, आणि माझे सोळा रकाने बहुधा असेच कोरे झाले असावेत. काही चुका मात्र कोणत्याच एका रकान्याच्या नसतात. जिल्हा ठाणे आणि पिन कोड पुण्याचा, यांत खोटा कोणता हे संगणक कसे ठरवणार? अशा शेऱ्यांसाठी रेल्सने आणि जँगोने संपूर्ण नोंदीच्या नावाची निराळी जागा राखून ठेवली आहे.

मराठी अर्जाच्या बाबतीत खुद्द नियमच किती वेळा अपराधी असतो, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. ‘नावात केवळ अक्षरे चालतील’ असा नियम प्रोग्रॅमर लिहितो, परंतु युनिकोडच्या वर्गवारीत आपल्या काना-मात्रा-वेलांट्या आणि अनुस्वार हे अक्षरांत मोडत नाहीत, ते चिन्हांच्या निराळ्या वर्गात जमा आहेत. परिणामी नवघर हे नाव, चारही वर्ण बिनमात्रेचे असल्यामुळे, बिनतक्रार पार पडते, आणि मीरा हे नाव पहिल्याच वेलांटीवर अडते! भाईंदर या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो, संगणक सहा मोजतो. मग लांबीची मर्यादा ओलांडल्याचा ठपका अर्जदारावर येतो. देवनागरी आकड्यांत लिहिलेला पिन कोड रेल्सच्या रूबी भाषेतील अंकांची नेहमीची खूण ओळखत नाही, जँगोच्या पायथन भाषेतील ओळखते. उत्तनकडच्या ख्रिस्ती कोळी घरांतील आडनावांत रोमन लिपीत लिहिताना जो अपॉस्ट्रॉफी येतो, त्यावरही असेच गंडांतर. अशा प्रत्येक प्रसंगी शेरा अर्जदाराच्या नावाखाली पडतो, आणि दुरुस्ती व्हायला हवी असते नियमात.

शेऱ्याच्या भाषेचीही तीच कथा. रेल्सची मूळ रीत रकान्याचे नाव आणि ठराविक मजकूर एकापुढे एक ठेवून वाक्य जुळवण्याची आहे. इंग्रजीत ती खपून जाते, मराठीत लिंगभेद आडवा येतो. पत्ता चुकीचा, तारीख चुकीची, नाव चुकीचे: एकच मजकूर तिघांना कसा लावणार? विभक्ती लावून पाहावी तर पत्त्यात, तारखेत, नावात असे शब्दच बदलतात. म्हणून भाषांतराच्या फायलीत प्रत्येक रकान्यासाठी स्वतंत्र, संपूर्ण वाक्य लिहावे, हाच खरा मार्ग. आणि वाक्य लिहायचेच आहे तर ‘पिन कोड अवैध’ न लिहिता ‘पिन कोड सहा अंकांचा असतो, आपण पाचच अंक लिहिले आहेत’ असे लिहिण्यास कितीसा वेळ लागतो?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवेचा अर्ज नामंजूर करताना पदनिर्देशित अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नमूद करावयाची असतात, आणि नाराज अर्जदाराला अपिलाची वाट मोकळी असते. परंतु मॉडेलने परतवलेला मजकूर अजून अर्जच झालेला नसतो. त्याला क्रमांक नाही, तारीख नाही, आवक-नोंद नाही, म्हणून त्याच्या नामंजुरीवर अपीलही नाही. रकान्याखालचे ते एक वाक्य हेच तिथे कारण आणि हाच तिथे निकाल. प्रत्येक नियमाने रोज कितीजणांना अडवले याची मोजदाद ठेवणे प्रोग्रॅमरला अवघड नाही, आणि ज्या नियमावर माणसे वारंवार ठेचकाळतात त्याचा मसुदा पुन्हा वाचून पाहणे हे त्याच्या कर्तव्यापैकीच आहे.

त्या दुकानातल्या मुलाने ही मोजदाद आपल्या परीने ठेवलेली आहे. संगणकाच्या मागच्या भिंतीवर त्याने एक कागद चिकटवला आहे, आणि कोणत्या अर्जात तिरपी रेघ लिहायची नाही, कोणत्यात नावामध्ये टिंब चालत नाही, कोणत्यात पत्ता इंग्रजीतच भरायचा, हे त्याने त्यावर पेनाने, एकाखाली एक, स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवले आहे. मी निघालो तेव्हा सदनिकेच्या क्रमांकाची नवी ओळ तो त्यात भरत होता.