आडातले आणि पोहऱ्यातले

गतवर्षी दिवाळीत आमच्या पुतण्याने चंद्रपूरच्या घरी एक उंची ध्वनिसंच आणून बसविला. त्याची किंमत ऐकून वडीलधाऱ्यांनी कपाळास हात लावला. पुतण्याचा हेतू मात्र गोड होता. कैलासवासी मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आम्ही जपून ठेविली आहे. तो आवाज घरात पुन्हा घुमावा, एवढीच त्याची इच्छा.

सारे कुटुंब माजघरात जमले. प्रथम केसरबाई केरकरांची भैरवीतली जुनी तबकडी लागली. खरखर होती, परंतु बाईंचा स्वर जणू समोरच्या पाटावरून येत होता. मग मातोश्रींची कॅसेट लागली आणि सर्वांचे चेहरे उतरले. साध्या टेपरेकॉर्डरवर दडून राहिलेली पंख्याची घरघर आता स्पष्ट ऐकू येऊ लागली. मातोश्री मात्र पलीकडच्या खोलीत बसल्यासारख्या दूरच राहिल्या.

हा दोष ध्वनिसंचाचा नव्हे, आमचा. १९८७ साली ते ध्वनिमुद्रण आम्हीच केले. टेपरेकॉर्डर पंख्याखालच्या टेबलावर आणि मातोश्री चार हात दूर! शिवाय बाहेरचा आवाज मंदावला की आपली ग्रहणशक्ती आपोआप वाढविण्याची योजना त्या यंत्रात होती. त्यामुळे मातोश्री श्वासासाठी थांबल्या की पंखा चढे. उत्तम ध्वनिसंच आरशासारखा असतो. समोर येईल ते तो दाखवितो. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

जुन्या तबकड्यांचा इतिहासही हेच सांगतो. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गायन मुद्रित झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात मोठ्याने गावे आणि त्या आवाजाच्याच बळाने सुईने मेणावर रेघ ओढावी, अशी ती रीत. मनुष्याचा निरोगी कान सेकंदास वीस हजारांपर्यंत कंपने ऐकतो. त्या रीतीत दोन-अडीच हजारांपलीकडचे फारसे काही उतरत नसे. १९२५ च्या सुमारास विद्युत्-मुद्रण आले आणि ही मर्यादा पुष्कळ वाढली. केसरबाईंची ती साडेतीन मिनिटांची भैरवी विद्युत्-मुद्रणाच्या काळातली. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात धाडलेल्या सुवर्णतबकडीत तिचा समावेश झाला.

खरखर पुसून काढणाऱ्या संगणकीय युक्त्या हल्ली आहेत. पुतण्याने त्याही करून पाहिल्या. पंखा दबला खरा. परंतु त्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ यांची धार गेली आणि मातोश्रींचा श्वासही पुसला गेला.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांतही हेच दिसते. वडशाच्या मंडळीचे पद प्रेक्षकांत बसून मोबाइलवर टिपले, तर शेजाऱ्याचा खोकला आधी ऐकू येतो. तेच रंगमंचाच्या ध्वनियोजनेतून थेट तार घेऊन टिपले, तर ऑर्गनचा नाद आणि नटाचा शब्द निवळ उतरतो. पुढे ते साध्या पेटीवर ऐकले तरी कानास सुख होते.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की, ध्वनिसंचावर लाख रुपये खर्चण्यापूर्वी ध्वनिमुद्रणावर एक दुपार खर्चावी. आरमोरीस आमच्या काकू आहेत. त्या नव्वदीस टेकल्या, तरी त्यांना ओव्या अजून पाठ आहेत. येत्या रविवारी आम्ही दोघे तेथे जाणार आहोत. गाद्या-रजयांची खोली निवडावयाची, म्हणजे आवाज भिंतींवरून घुमत नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस धरावयाचा, म्हणजे श्वासाचा फटका त्यावर बसत नाही. आणि मूळ मुद्रण आकार लहान न करता दोन ठिकाणी जपून ठेवावयाचे.

मातोश्रींच्या कॅसेटमधला पंखा आता आम्हास बंद करता येत नाही. काकूंच्या खोलीतला येतो.