पावसाचा आलेख सर्वांसाठी

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते व पोलादपूरहून महाडला येते. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड पुरात बुडाले. असा पाऊस आलेखात चटकन दिसतो.

‘टॅब्लो पब्लिक’ या विनामूल्य संकेतस्थळावर खाते उघडा. पर्जन्यमापकाच्या नोंदींचा तक्ता तेथे चढवा : एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात मिलिमीटर. आडव्या अक्षासाठी तारीख, उभ्यासाठी पाऊस निवडा. प्रथम वर्षाची बेरीज दिसेल. तीत पुराचा दिवस लपतो. म्हणून प्रत्येक दिवस वेगळा दाखवा.

प्रसिद्ध केलेला आलेख कोणालाही पाहता येतो. तेव्हा त्यात खाजगी माहिती घालू नका. आकडे कोठून घेतले, ते मात्र अवश्य लिहा. मग पोलादपूरच्या पावसाची नोंद महाडकरांनाही पडताळता येईल.