शब्दांतून उभा राहणारा माणूस

कथेतील वा नाटकातील पात्राचे वर्णन लेखकाने कितीही केले, तरी त्याची खरी ओळख पटते ती त्याच्या तोंडच्या शब्दांतून. त्याने कोणता शब्द निवडला, यावरून त्याचे गाव, त्याचा व्यवसाय, त्याचे मन आणि समोरच्याशी असलेले नाते एकदम कळते. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या वनप्रदेशात या गोष्टीचा प्रत्यय झाडीपट्टी रंगभूमीवर येतो.

दिवाळीनंतर धान घरात आले की येथील गावोगावी नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाटक मंडळ्यांचे केंद्र. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते. या भागाची बोली ती झाडीबोली. तिच्यात ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दसंग्रह करून तिला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

बोलीतील शब्द बदलला की केवळ उच्चार बदलत नाही, भावही बदलतो. ‘तळे’ म्हटले की कमळे आणि संध्याकाळ आठवते. ‘बोडी’ म्हटले की धानाच्या बांधीला शेवटचे पाणी पुरेल की नाही, ही चिंता आठवते. ‘पोट्टा’ हा शब्द पुण्याकडील कानाला उद्धट वाटेल; विदर्भातील आई तोच शब्द मायेने उच्चारते. पुरात पीक गमावलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘माझे सर्व पीक नष्ट झाले, आता मी काय करावे?’ असे वाक्य घातले, तर ते अर्जातील मजकुरासारखे वाटते. तोच जर ‘सप्पा धान गेला. आता का करू?’ एवढेच म्हणाला, तर पुढच्या शब्दांची गरजच उरत नाही.

व्यापारी कुटुंबांनी विचार करावा असा एक शब्द म्हणजे ‘सावकार’. आपल्या भागात दुकानात आलेला ग्राहक ‘सावकार’ म्हणून हाक मारतो, तेव्हा त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा आदर आणि विश्वास असतो. नाटकात मात्र हाच शब्द उच्चारताच प्रेक्षकांसमोर वही, व्याज आणि गहाण जमीन उभी राहते. शब्द एकच, माणसे दोन. यांपैकी कोणता माणूस प्रेक्षकाने पाहावा, हे पुढच्या वाक्यातील शब्द ठरवतात. व्यवहारातही तेच घडते. थकलेल्या उधारीची आठवण देताना आपण कोणता शब्द वापरतो, त्यावर ग्राहकाच्या मनातील सावकार ठरतो.

या रंगभूमीपुढील खरा प्रश्न वेगळाच आहे. अनेक नाटकांत नायक आणि नायिका प्रमाण मराठी बोलतात, तर झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. तिच्यातील विनोदाचे सामर्थ्य मोठे आहे, यात शंका नाही. विनोदी भूमिकांसाठी ख्यातनाम असलेले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, हा या मातीचाच सन्मान होय. परंतु बोली केवळ हसण्यासाठीच ऐकू येऊ लागली, तर ती बोलणाऱ्या मुलाला हळूहळू आपलेच बोलणे हास्यास्पद वाटू लागते. शाळेत तो गप्प बसतो, आणि घरी आजीशी बोलताना संकोचतो.

म्हणून लेखकाने बोलीला शोक, संताप आणि शहाणपणही द्यावे. नायकाने प्रेम व्यक्त करावे ते बोलीत. गावच्या वृद्धाने न्याय द्यावा तोही बोलीत. आणि वाचकानेही या हंगामात नाटकास सहकुटुंब जावे, मुलांना विचारावे: हे पात्र तुला आवडले ते त्याच्या कोणत्या शब्दामुळे? उत्तर शोधताना मूल साहित्य वाचायला शिकेल, आणि माणसाला त्याच्याच शब्दांत ऐकायलाही शिकेल.