स्पोन्सिआनुसचे नाणे : अक्षरांची साक्ष आणि मातीची साक्ष

प्राचीन रोमन नाणे अस्सल की बनावट हे ठरविताना धातू, वजन, घडण व मुद्रालेख या सर्वांचा विचार करावा लागतो. पैकी मुद्रालेखाची साक्ष कोठवर ग्राह्य मानावी, हा प्रश्न ग्लासगो येथील हंटेरियन संग्रहालयातील एका सुवर्णनाण्यामुळे विशेष तीव्रतेने पुढे आला आहे.

१७१३ साली ट्रान्सिल्व्हानियात काही सोन्याची नाणी सापडल्याची नोंद व्हिएन्नाच्या राजसंग्रहाकडे झाली. त्यांतील काहींवर स्पोन्सिआनुस हे नाव होते. या नावाचा सम्राट इतिहासाला ठाऊक नाही. हेन्री कोहेन या नाणकशास्त्रज्ञाने १८६८ साली ही नाणी अर्वाचीन व ओबडधोबड बनावट म्हणून निकालात काढली आणि पुढे बहुतेकांनी तेच मत स्वीकारले.

संशयास कारणे भरपूर होती. रोमन टांकसाळीत नाणे ठशांनी पाडीत. हे नाणे साच्यात ओतलेले आहे. दर्शनी बाजूवर ‘इंप. स्पोन्सिआनी’ अशी षष्ठी आहे, तर तिसऱ्या शतकातील सम्राटांची नावे लॅटिन नाण्यांवर सामान्यतः प्रथमेत येतात. सातवाहन व क्षत्रप राजांची षष्ठ्यन्त नावे वाचण्यास सरावलेल्या आपल्या अभ्यासकास ही षष्ठी खटकणार नाही; परंतु रोमन टांकसाळीचा प्रघात निराळा होता. मागील बाजू तर इ. स. पूर्व १३५ मधील गायुस मिनुकिउस ऑगुरिनुस याच्या रौप्यनाण्याची नक्कल आहे. त्यावरील ‘क. ऑग.’ हे मूळ अधिकाऱ्याच्या नावाचे संक्षेप. पण तिसऱ्या शतकातील वाचकाने त्यातील ‘ऑग.’ हे ‘ऑगस्टस’ असेच वाचले असते.

२०२२ साली पॉल पिअर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून उलट निष्कर्ष काढला. नाण्यावरील झीज दीर्घ वापराची आहे, आणि तिच्यावर खनिजांनी घट्ट बसलेले मातीचे थर आहेत. अर्थात नाणे चलनात होते, पुढे दीर्घकाळ जमिनीत होते. रोमपासून तुटलेल्या डाकिया प्रांतातील एखाद्या सेनानीने ते काढले असावे, असा त्यांचा तर्क. अनेक नाणकशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही.

नावाविषयीचा त्यांचा एक युक्तिवाद भाषाभ्यासकाने तपासण्याजोगा आहे. स्पोन्सिआनुस हे नाव अन्यत्र रोममधील एकाच थडग्यावरील लेखात आढळते आणि तो लेख १७१३ नंतर उजेडात आला. तेव्हा कोणा फसव्यास ते नाव सुचणार कसे? हा युक्तिवाद दुबळा आहे. ऑक्टाव्हिउसपासून ऑक्टाव्हिआनुस साधणारा ‘आनुस’ हा प्रत्यय लॅटिनमध्ये अत्यंत प्रसवशील होता. ‘स्पोन्सुस’ हा शब्द ठाऊक असलेल्या अठराव्या शतकातील कोणाही लॅटिनज्ञास हे नाव घडविता आले असते. दुर्मिळता आणि अशक्यता या दोन भिन्न गोष्टी होत.

उलट षष्ठीवरून बनावट सिद्ध होते असेही नव्हे. लॅटिनचे जुजबी ज्ञान असलेला सरहद्दीवरील सोनार आणि तेवढेच ज्ञान असलेला फसवा यांच्या चुका सारख्याच दिसतात. अक्षरे घडविणाऱ्याचे भाषाज्ञान सांगतात, त्याचे शतक सांगत नाहीत. मातीचे थर नाणे घडल्यानंतरचा वृत्तान्त सांगतात. ते मुळात कोणी घडविले याविषयी ते मूक आहेत. याच सम्राटाचे आणखी एक नाणे रुमानियातील सिबिऊ येथील ब्रुकेन्थाल संग्रहालयात आहे. तथापि तेही जुन्या खाजगी संग्रहातूनच आलेले असून, शास्त्रशुद्ध उत्खननात मिळालेले नाही.