टँगो नृत्यातील लिंगभाव आणि पुढाकार घेणारी स्त्री

प्रस्तावना :

टँगो हे युगुलनृत्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दे ला प्लाता नदीकाठच्या ब्युनोस आयरिस आणि माँटेव्हिडिओ या शहरांत आकारास आले. २००९ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. पुरुष पुढाकार घेतो आणि स्त्री त्याला अनुसरते, अशी या नृत्याची रूढ ओळख आहे. ही विभागणी नृत्याच्या तंत्रातून आली की समाजव्यवहारातून, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुढाकाराचे स्वरूप :

सामाजिक टँगोमध्ये पदन्यासांचा क्रम आधी ठरलेला नसतो. पुढाकार घेणारी व्यक्ती छातीचा रोख आणि शरीराचा तोल यांतील सूक्ष्म बदलांतून पुढील पावलाची सूचना देते. तिला स्पॅनिशमध्ये ‘मार्का’ म्हणतात. जोडीदाराला हातांनी ओढणे वा ढकलणे हे कच्चेपणाचे लक्षण समजले जाते. सर्व जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात आणि अनुसरणारी व्यक्ती बहुधा उलट पावलांनी चालते. त्यामुळे दाटीतून वाट काढण्याची जबाबदारीही पुढाकार घेणाऱ्यावर येते. यांपैकी कशालाही पुरुषी बळ लागत नाही. संगीताचे भान, तोल आणि सराव लागतो. अनुसरणेही निष्क्रिय नव्हे. सूचना ओळखून ती स्वतःच्या लयीने पूर्ण करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. तरीही शिकवण्याच्या वर्गांत या भूमिकांना दीर्घकाळ ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ हीच नावे होती. कौशल्याला देहाचे नाव दिले, की ते दुसऱ्या देहाला शिकवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. १९१४ च्या जनगणनेच्या वेळी ब्युनोस आयरिसमधील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. त्यांत इटली व स्पेनमधून आलेल्यांचा भरणा मोठा होता आणि या स्थलांतरितांत पुरुष बहुसंख्य होते. पुरुष पुरुषांबरोबरच सराव करीत. नवशिका आधी अनुसरायला शिके आणि मगच पुढाकार घ्यायला. ज्याला ‘पुरुषाची भूमिका’ म्हटले गेले, तिची पहिली पायरी ‘स्त्रीची भूमिका’ ही होती. परदेशी प्रेक्षकांसाठी रंगविलेल्या रंगमंचीय टँगोत या गोष्टीचा मागमूसही दिसत नाही. टँगोतील उत्कटता जागतिक बाजारात विक्रेय कशी झाली, याची चिकित्सा मार्ता साविग्लियानो यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात केली आहे.

निमंत्रणाचा प्रश्न :

खरी अडचण पावलांपेक्षा निमंत्रणात आहे. ‘मिलोंगा’ म्हणजे टँगोची नृत्यसभा. तेथे पुरुष दुरून नजर देतो, स्त्रीने ती स्वीकारल्यास मान हलवतो आणि मग तिच्या जागेपाशी जातो. या रीतीला ‘काबेसेओ’ म्हणतात. नजर वळवली की नकार झाला. चारचौघांत कोणाचाच अवमान होत नाही. ही सोय स्त्रीच्याही हिताची आहे, हे नाकारता येत नाही. परंतु पारंपरिक सभेत स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूंना बसतात. पुढाकार घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला या रचनेत जागाच नसते, कारण तिच्या जोडीदार होऊ शकणाऱ्या स्त्रिया तिच्याच रांगेत, तिच्यासारख्याच समोर पाहत बसलेल्या असतात. ज्या सभेत पुरुष कमी पडतात, तेथे तिला मुभा मिळते. पण बदली म्हणून. निवड आणि तडजोड यांतील हे अंतर बारकाईने पाहावयास हवे.

२००१ मध्ये हँबुर्ग येथे ‘क्विअर टँगो’चा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला. पुढे ब्युनोस आयरिसमध्ये मारियाना दोकाम्पो यांनी भूमिका लिंगनिरपेक्षपणे शिकविणारे वर्ग चालविले. या प्रवाहात एकाच नृत्यात भूमिकांची अदलाबदलही होते. केवळ पुरुषाच्या जागी स्त्री उभी राहिली, तर आज्ञा आणि पालन हे नाते तसेच राहू शकते. अदलाबदलीत मात्र नृत्य चालू असतानाच आलिंगनातील हातांची मांडणी बदलावी लागते आणि तो बदल दोघांपैकी कोणीही सुचवू शकतो.