परभाषेचीं अक्षरें व अंध विद्यार्थी

शुद्धलेखनाविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून जितका कटाक्ष असतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या गोष्टीविषयीं असेल. मुलानें ‘दीन’ लिहावयाच्या जागीं ‘दिन’ लिहिलें कीं वडील मंडळी त्यास तत्काळ थांबवितात. कारण वेलांटी बदलतांच दरिद्री मनुष्याचा दिवस होतो. कानाला मात्र हे दोन्ही शब्द बहुधा सारखेच लागतात. चूक कळते ती डोळ्यांना. आतां ज्या विद्यार्थ्यास दृष्टि नाहीं आणि जो जर्मन अथवा फ्रेंच शिकत आहे, त्यानें तेथील अक्षरांवरचीं टिंबें व रेघा संगणकावर कशा लिहाव्या, आणि लिहिल्या त्या बरोबर आहेत हें कसें ताडून पाहावें? हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

परभाषा ही अंध विद्यार्थ्यास विशेष अनुकूल अशी विद्या आहे. कारण तींत कान व स्मरण यांचें काम अधिक. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें विद्यापीठाचे परभाषांचे वर्ग आहेत, आणि जर्मन व फ्रेंच शिकविणाऱ्या मॅक्स म्यूलर भवन व आलियाँस फ्राँसेज या संस्था पुण्यामुंबईस आहेत. भाषांतर, दुभाष्याचें काम, अध्यापन असे उपजीविकेचे मार्ग या विद्येनें खुले होतात. परंतु दुसऱ्यानें तपासल्यावांचून ज्याला साधें पत्रहि धाडतां येत नाहीं, त्याच्या हातीं भाषांतराचें काम कोण देईल? म्हणून टिंबारेघांचा हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नव्हे.

हीं चिन्हें म्हणजे अक्षरांचे अलंकार नव्हत. जर्मन भाषेंत ‘शोन’ म्हणजे ‘आधींच’. त्यांतील ‘ओ’वर दोन टिंबें दिलीं कीं उच्चार थोडा पालटून ‘सुंदर’ असा अर्थ होतो. फ्रेंचमधील एका क्रियापदांत ‘ई’वर टोपीसारखें चिन्ह असल्यास ‘मासे धरणें’, आणि चढती रेघ असल्यास ‘पाप करणें’! याहूनहि बिकट ‘ऊ’ हा शब्द. चिन्हावांचून त्याचा अर्थ ‘किंवा’. शेवटल्या ‘यू’वर उतरती रेघ दिली कीं ‘कोठें’. उच्चार मात्र दोहोंचा अगदीं एक. येथें सबंध शब्द कितीहि वेळां ऐकला तरी चूक सांपडणार नाहीं. जर्मनांनीं निदान एक सवलत ठेविली आहे: टिंबांचीं अक्षरें साधत नसल्यास त्या स्वरापुढें ‘ई’ लिहावा आणि तीक्ष्ण ‘एस’च्या जागीं दोन साधे ‘एस’ लिहावे. फ्रेंचांत अशी वाट नाहीं.

अंधांच्या लिपींत या चिन्हांचा मान प्रथमपासून राखला गेला आहे. लुई ब्रेल (१८०९–१८५२) हा फ्रेंच. खोगीर बनविणाऱ्या बापाच्या कारखान्यांत हत्यार लागून तो बाळपणींच अंध झाला, आणि १८२९ सालीं त्यानें आपली टिंबांची लिपि प्रसिद्ध केली. फ्रेंच ब्रेलमध्यें चिन्हांकित अक्षरांस स्वतंत्र खुणा आहेत. चढत्या रेघेच्या ‘ई’ला तर सहाच्या सहा टिंबें. तीच खूण इंग्रजी ब्रेलमध्यें ‘फॉर’ या शब्दाची, आणि आमच्या भारती ब्रेलमध्यें ‘ढ’ची. बोटाखालीं खूण एक, भाषा तीन! टंकयंत्राच्या जन्माशींहि अंधांचा निकट संबंध आहे. इटलींतील पेलेग्रीनो तुर्री यानें १८०८च्या सुमारास काउंटेस कारोलिना फांतोनी या अंध स्त्रीसाठीं असें एक यंत्र बनविलें, आणि त्यावर तिनें लिहिलेलीं कांहीं पत्रें आजहि जतन केलेलीं आहेत.

आज टंकयंत्राची जागा संगणकानें घेतली आहे, आणि पडद्यावरील मजकूर ‘स्क्रीन रीडर’ हा कार्यक्रम मोठ्यानें वाचून दाखवितो. त्यांपैकीं एन. व्ही. डी. ए. हा विनामूल्य मिळतो. मायकेल करन व जेम्स टे या ऑस्ट्रेलियांतील दोघां अंध गृहस्थांनीं तो सिद्ध केला असून त्याचा आरंभ २००६ सालचा. त्याच्या साह्यानें विंडोज संगणकावर चिन्हांकित अक्षरें लिहिण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग अंकांचा. आल्ट ही कळ दाबून धरावी, उजवीकडील अंकफलकावर ०२३३ हे अंक द्यावे व कळ सोडावी, कीं चढत्या रेघेचा ‘ई’ उमटतो. टिंबांचे ‘ए’, ‘ओ’ व ‘यू’ यांचे अंक अनुक्रमें ०२२८, ०२४६ व ०२५२. तीक्ष्ण ‘एस’चा ०२२३. परंतु अंकफलकाच्या कळा स्क्रीन रीडर आपल्या आज्ञांसाठींहि वापरतो. यास्तव आधीं ‘नम लॉक’ चालू करणें अवश्य. शिवाय पुष्कळ लॅपटॉपांवर अंकफलकच नसतो. क्वचित् लागणाऱ्या अक्षरास हा मार्ग ठीक; सबंध निबंध यानें लिहिणें म्हणजे शिक्षाच.

दुसरा मार्ग ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ या कळमांडणीचा. तींत कांहीं कळा ‘मृत’ असतात. हें नांव जुन्या टंकयंत्रावरून आलें: तेथें अशी कळ दाबली असतां चिन्ह उमटे, पण कागदाचा गाडा पुढें सरकत नसे, आणि पुढलें अक्षर त्याच जागीं पडे. येथें अपॉस्ट्रॉफी दाबून मग ‘ई’ दाबला कीं चढत्या रेघेचा ‘ई’ मिळतो; दुहेरी अवतरणचिन्हानंतर ‘यू’ दाबला कीं टिंबांचा ‘यू’. अडचण अशी कीं मृत कळ दाबल्यावर यंत्र सामान्यतः कांहींच बोलत नाहीं, आणि नवशिका विद्यार्थी ती पुन्हां दाबतो. साधी अपॉस्ट्रॉफी हवी असल्यास तिच्यामागून मोकळ्या जागेची कळ दाबावी लागते. यास्तव आमच्या मतें नवशिक्यानें याच मांडणींतील उजव्या आल्टचा आश्रय करावा. ती कळ धरून ‘ई’ दाबल्यास चढत्या रेघेचा ‘ई’, आणि ‘एस’ दाबल्यास तीक्ष्ण ‘एस’. तसेंच ‘क्यू’, ‘पी’ व ‘वाय’ यांनीं टिंबांचे ‘ए’, ‘ओ’ व ‘यू’ एकदम मिळतात.

तिसरा मार्ग त्या त्या देशाचीच कळमांडणी घेण्याचा. विंडोज व मोकळ्या जागेची कळ एकत्र दाबून मांडणी बदलतां येते. फ्रेंच मांडणींत वरच्या ओळींतील २ या अंकाच्या जागीं चढत्या रेघेचा ‘ई’ आहे आणि ७च्या जागीं उतरत्या रेघेचा. मात्र ‘ए’ व ‘क्यू’ यांची, आणि ‘झेड’ व ‘डब्ल्यू’ यांची, अदलाबदल झालेली असते. डोळस मनुष्य येथें गोंधळतो, कारण कळेवर छापलें एक आणि उमटतें दुसरें. अंध लेखक कळेवरील छापाकडे पाहातच नाहीं. बोटांस नवी जागा एकदां शिकविली कीं झालें. ज्यास ही भाषा वर्षानुवर्षें लिहावयाची आहे, त्यास हाच मार्ग अंतीं सोयीचा.

आतां लिहिलेलें ताडावें कसें? प्रथम तो मजकूर त्या त्या भाषेच्या आवाजांत वाचवून घ्यावा. इंग्रजी आवाज फ्रेंच शब्दांचा विचका करितो. नंतर संशयास्पद शब्द अक्षरशः ऐकावा. बाणाच्या कळेनें त्या अक्षरावर यावें, आणि नम लॉक बंद असतां अंकफलकावरील २ एकदां दाबावा, कीं अक्षराचें नांव ऐकूं येतें. तीच कळ झटपट तीनदां दाबली तर यंत्र त्या अक्षराचा क्रमांक सांगतें. चढत्या रेघेच्या ‘ई’चा क्रमांक २३३, म्हणजे लिहितांना जो अंक दिला तोच! साध्या ‘ई’चा १०१. कान जेथें फसतो तेथें अंक फसत नाहीं.

शेवटीं घरच्या मंडळींस चार शब्द. एकत्र कुटुंबांत मदतीस हात पुष्कळ असतात, आणि ‘आण इकडे, मी देतों टिंबें’ असें प्रेमानें म्हणणारा दादा किंवा आत्या जवळच असते. त्या प्रेमाविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु परीक्षेच्या दालनांत व पुढें कचेरींत आत्या बरोबर येत नाहीं. यास्तव कळमांडणी जोडून द्यावी, परभाषेचा आवाज बसवून द्यावा, चिन्हांचे अंक ब्रेलमध्यें उतरवून घेण्यास सांगावें, आणि मग बाजूस व्हावें. आरंभीं रोज दहा शब्द पुरेत: विद्यार्थ्यानें ते लिहावे, स्वतःच तपासावे, आणि त्याचा निर्णय झाल्यावरच इतरांनीं पडद्याकडे पाहावें. चूक आढळली तर डोळस भावंडांस सांगतों तितक्याच स्पष्टपणें ती सांगावी. वेलांटीविषयींचा आमचा कटाक्ष त्याच्या वांट्यालाहि पुरता आला पाहिजे.